वाळूखालचं पाणी : कडमत बेटावरच्या कामाच्या नोंदी

6 नोव्हेंबर 2023

काल संध्याकाळी कडमतला पोचले. कोचीहून आलेलं जहाज रीफच्या, म्हणजे बेटाभोवतीच्या पोवळ्याच्या कठड्याच्या, बाहेरच थांबतं, तिथून होडीत उतरायचं. कपड्यांची बॅग कुठे गेली ते नंतर पाहिलं. आधी बाटल्यांचा खोका कोरडा आहे ना ते पाहिलं.

लक्षद्वीपची सगळीच बेटं लहान, पण हे तर पडवळासारखं. उत्तर-दक्षिण आठ-नऊ किलोमीटर लांब आणि सर्वात रुंद जागी साडेपाचशे मीटरच्या आसपास. मधल्या रस्त्यावर रात्री उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या लाटा ऐकू येतात. 2011 च्या जनगणनेत इथे 5,404 माणसं होती. एवढ्या माणसांचं मोरीतलं आणि संडासातलं पाणी जातं कुठे, हे आम्ही बघायला आलोय.

आज पहिला खड्डा घेतला. पहार लागलीच नाही, नुसतं फावडं. सव्वा मीटरवर पाणी. शेजारी अर्धा मीटरचा दुसरा खड्डा करून त्यात बादली ओतली, पाणी किती वेळात मुरतं ते मोजायला. कोकणात ही चाचणी करताना बादली ओतायची, चहा घ्यायचा, परत यायचं, तर पाणी जिथल्या तिथे. कातळावरचा शोषखड्डा पाणी पीतच नाही, या एकाच विषयावर मी अकरा वर्षं लोकांशी भांडतेय. इथे बादली खाली ठेवून घड्याळाकडे बघेपर्यंत तळ दिसायला लागला.

आमचा इथला प्लंबर खूश झाला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, इधर गंदा पानी का टेन्शन नहीं. रेती सब पी जाता है."

वहीत त्याचं वाक्य तसंच लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

9 नोव्हेंबर

बारा विहिरी झाल्या. इथल्या विहिरी दोन-तीन मीटरच्या. काठावर पोटावर झोपलं तर हात पाण्याला लागेल की काय असं वाटतं. पाण्याची पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते, थोडी उशिरा आणि थोडी कमी. एका विहिरीत खडूने खूण करून दुपारभर बसले, खूण दोनदा पुसून नव्याने करावी लागली.

जमिनीखाली सगळीकडे खारं पाणी मुरलेलं आहे आणि पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून त्याच्यावर तरंगतं. बेटाच्या मध्यावर जाड, कडेला पातळ, म्हणून त्याला भिंग म्हणतात. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या गणिताप्रमाणे समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली चाळीस मीटर असायला हवं. पण ते गणित शांत वाळूचं. इथे पोवळ्याचा भोकाभोकांचा थर आहे आणि समुद्र तो रोज दोनदा ढवळतो, त्यामुळे खरं भिंग बरंच पातळ. नदी नाही, ओढा नाही. वर्षाला साधारण सोळाशे मिलिमीटर पाऊस, कोकणाच्या निम्मासुद्धा नाही, आणि तो साठवायला छपराखालच्या टाक्या सोडल्या तर हे एकच भांडं.

आम्ही पाहिलेल्या प्रत्येक घराला विहीर आहे आणि प्रत्येक घराला सेप्टिक टाकीही आहे. त्यातल्या निम्म्या टाक्यांना तळ बांधलेलाच नाही. टेप लावली. टाकीपासून विहीर सर्वात लांब 14 मीटर, सर्वात जवळ 4.3 मीटर. शेजाऱ्याच्या टाकीपासून मोजलं तर त्याहून कमी, पण शेजाऱ्याची टाकी मोजायची कल्पना कुणालाच आवडली नाही.

जंतू मरतात ते कोरड्या मातीच्या थरातून पाणी हळूहळू झिरपताना. तिथे हवा असते, मातीतले जीव असतात, वेळ मिळतो. इथे खड्ड्याचा तळच पाण्यात. झिरपायला कोरडा थर उरलाच नाही, तर पाणी नुसतं एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जातंय.

12 नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

घरून आलेला चिवडा फोडला आणि बाटल्या मांडल्या. एच-टू-एसच्या बाटल्या म्हणजे गरिबाची प्रयोगशाळा. आत औषध लावलेली कागदाची पट्टी, त्यात विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरायचं आणि ठेवून द्यायचं. विष्ठेतले जंतू असतील तर पाणी काळं पडतं. थंड गावात उबवणीपेटी लागते, इथे खिडकी पुरते.

बारापैकी दहा काळ्या. काही तर रात्रीतच शाईसारख्या. उरलेल्या दोनांतली एक विहीर नुसत्या माडांच्या वाडीत आहे, जवळ घर नाही. दुसरी मशिदीच्या आवारात, आणि तिच्यात आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकली होती असं नंतर कळलं. म्हणजे ती धरायची नाही.

लोक विहिरीचं पाणी सहसा पीत नाहीत, प्यायला पावसाचं साठवलेलं. पण भांडी, अंघोळ, तोंड धुणं सगळं विहिरीवर. एप्रिल-मेमध्ये टाक्या तळाला गेल्या की पिणंही तिच्यावरच येतं.

21 नोव्हेंबर

रंग सोडला. ज्या घरी टाकी आणि विहीर यांत साडेसहा मीटर आहे, त्या घरच्या उम्माची परवानगी घेऊन संडासात फ्लोरेसिन या चमकणाऱ्या रंगाचं द्रावण ओतलं, ते विहिरीत पोचतं का बघायला. इथे वयाने मोठ्या बाईला उम्मा म्हणावं, म्हणून मीही म्हणते. उम्माने विचारलं, विहीर हिरवी झाली तर तुम्ही साफ करणार का? मी म्हटलं, हिरवी झाली तर ती आजपर्यंत कधी साफ नव्हती.

हे बोलायला नको होतं.

2 डिसेंबर

अकरावा दिवस. रात्री निळ्या दिव्याची बॅटरी घेऊन नमुना पाहिला. नुसत्या डोळ्यांना काही नाही. बॅटरीखाली पोपटी झाक, अगदी अंधुक, कच्च्या कैरीच्या पन्ह्यासारखी. काल नव्हती. उम्माने बाटली हातात घेतली, स्वतः बॅटरी मारून पाहिली, मग मुलीला हाक मारून दाखवली. माझ्याशी काही बोलली नाही. आत जाऊन चहा घेऊन आली.

गेल्या महिन्यात काढलेले सगळे तक्ते आणि आलेख या एका बाटलीपुढे फिके पडले. सकाळपर्यंत निम्म्या बेटाला माहीत झालं होतं.

12 डिसेंबर

आराखड्याची डोकेफोड.

गटारं नकोत, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. बेट ताटासारखं सपाट. शंभर मीटरला एक मीटर उतार दिला तर तिसऱ्या घरापाशीच पाइप पाण्याखाली जातो, मग पंपिंगची विहीर, मग डिझेल, आणि एक दिवस पंप बंद पडला की सगळं रस्त्यावर. मोठ्या शहरात हे चालतं कारण तिथे बंद पडलेला पंप दुरुस्त करायला माणूस तासाभरात येतो. इथे सुटा भाग जहाजाने येणार, आणि पावसाळ्यात जहाजाचाच नेम नाही.

म्हणून छोटे गट. पाच घरं, 31 माणसं. तळ बांधलेली बंद टाकी, तिच्यापुढे करवंट्या भरलेली दुसरी टाकी, तिच्यापुढे कर्दळ लावलेला खडीचा वाफा. वाफा जमिनीच्या वर, बाजूंना बांध, तळाला जाड प्लास्टिकचा पडदा. पाणी वरून थांबत थांबत, थोडंथोडं सोडायचं, खडीतून उतरताना हवा मिळते. पृष्ठभागावर पाणी साचत नाही, म्हणून डास नाहीत. उष्ण हवेत माणशी दीड चौरस मीटरच्या आत भागतं.

जंतूंपेक्षा मला नायट्रोजनची काळजी जास्त आहे. जंतू मरतात, नायट्रोजन मरत नाही. मैल्यातला अमोनिया हवा मिळाली की नायट्रेट होतो आणि नायट्रेट या वाळूतून विनाअडथळा जातं. फॉस्फरसला निदान चुनखडीची वाळू पकडून ठेवते, नायट्रेटला कुणी विचारत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळांना ते बाधतं. तिथून पुढे ते लगूनमध्ये, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ समुद्रात, जातं आणि शेवाळ्याला खत होतं.

उपाय जुनाच आहे. वाफ्यातून निघालेलं निम्मं पाणी परत पहिल्या टाकीच्या तोंडाशी आणून सोडायचं. तिथे हवा नाही आणि मैल्यातलं खाद्य भरपूर, त्यामुळे तिथले जंतू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन वर निघून जातो. त्यासाठी एक छोटा सोलर पंप. तो बंद पडला तरी पाणी तुंबणार नाही, फक्त नायट्रोजन नीट निघणार नाही. बिघडलं तर एवढंच बिघडावं, अशी मांडणी करायला सर्वात जास्त वेळ गेला.

मूत्र वेगळं काढणारा संडास बसवला असता तर निम्मं काम तिथेच संपलं असतं. माणसाच्या शरीरातून जाणाऱ्या नायट्रोजनपैकी जवळजवळ चार पंचमांश मूत्रातच असतो. पण इथे पाणी वापरणारं घर, त्यात शौचाचे धार्मिक नियम काटेकोर. धुण्याची जागा वेगळी असलेले तीन भोकांचे संडास दक्षिणेत चाललेत, तरी पहिल्याच फेरीत लोकांच्या बसायच्या सवयीला हात घालायची माझी छाती नाही.

4 जानेवारी 2024

काल कवरत्तीला पंतप्रधानांच्या हस्ते बऱ्याच कामांचं उद्घाटन झालं, त्यात आमच्या कडमतचा समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प होता. रोज दीड लाख लिटर. राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेची ही पद्धत 2005 मध्ये पहिल्यांदा कवरत्तीत बसली. समुद्राच्या वरचं कोमट पाणी हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडलं की थोडं आपोआप वाफ होतं, आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निवते. मीठ गाळणारे पडदे नाहीत, रसायनं नाहीत. मला हे यंत्र मनापासून आवडतं.

गावात नारळाचा हलवा वाटला. हलवा खाता खाता हिशेब केला. दीड लाख भागिले 5,404, माणशी 28 लिटरच्या आसपास. हे सगळं नवं पाणी. आजवर तांब्याने मोजून अंघोळ करणारं घर उद्या नळाखाली उभं राहील, आणि का राहू नये? पण आलेलं पाणी वापरून झाल्यावर त्याच वाळूत जाणार. तसं पाहिलं तर भिंगात भरच पडेल, फक्त साबण आणि नायट्रेटसकट. गोडं पाणी आणणाऱ्या कामाची पाटी लागते, फीत कापतात. वापरलेल्या पाण्याच्या कामाला फीत कुठे बांधायची हाही प्रश्नच आहे.

19 जानेवारी

मीटिंगला पाच घरांचे पुरुष आले, सगळ्यांनी मान डोलावली, सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी आखणीला गेलो तर उम्मा दारात. इथे घर बाईचं. मातृवंशीय रीत आहे, घर आईकडून मुलीकडे जातं. मग घराच्या आवारात टाकी कुठे बसेल हे सह्या करणारे कसे ठरवणार?

वाफा तिने पूर्वेकडे हलवायला लावला. कारण विचारलं. म्हणे, पश्चिमेला नीरफणसाचं झाड आहे, त्याची मुळं सगळं फोडतात. दुसरं, तिथे बायका संध्याकाळी बसतात. पहिलं कारण मला आराखड्यात सुचायला हवं होतं. दुसरं मला सुचलंच नसतं.

11 फेब्रुवारी

आज टाकी तरंगली.

सगळी चूक माझी, म्हणून सविस्तर लिहिते. फायबरची दोन हजार लिटरची टाकी परवा संध्याकाळी खड्ड्यात बसवली. पंपाने पाणी उपसत उपसत बसवली, लेव्हल पाइप लावून चारी कडा पाहिल्या, अर्ध्यापर्यंत वाळू भरली आणि उशीर झाला म्हणून घरी गेलो. टाकी रिकामी. परवा अमावास्या होती हे मला ठाऊक होतं, कारण त्याच दिवशी घरी फोनवर तारखेचा विषय निघाला होता. पण अमावास्येनंतर उधाणाची भरती येते आणि जमिनीखालचं पाणीही तिच्याबरोबर चढतं, हे समुद्राकाठी वाढलेल्या बाईला त्या क्षणी आठवलं नाही. इथली भरती आमच्या कोकणापुढे लहान, म्हणून मी तिला किंमतच दिली नव्हती.

सकाळी पोरं बोलवायला आली. टाकी खड्ड्यातून हातभर वर येऊन तिरकी झालेली, होडी किनाऱ्याला लागते तशी. जोडलेला पाइप कोपराशी तुटलेला. पोरांपैकी एक तिच्यावर चढून बसला होता आणि वल्हवायचा आव आणत होता. टाकीचं वजन चार माणसं उचलतील एवढंच. पण पूर्ण बुडवली तर तिच्यापेक्षा दोन टन जास्त पाणी बाजूला सरतं, आणि तेवढ्याच जोराने ती वर ढकलली जाते. हे आठवीच्या पुस्तकात आहे.

दुपारपासून दुरुस्ती. टाकी काढली, खड्डा रुंद केला, तळाशी काँक्रीटची चौकट ओतायचं ठरवलं, तिच्यात गंज न लागणाऱ्या आकड्यांना पट्टे बांधून टाकी जखडायची. आणि बसवताना आत पाणी भरत जायचं, बाहेर वाळू भरत जायचं, दोन्ही बरोबरीने. हे पुढच्या सगळ्या टाक्यांना लागू. कामाचे नऊ दिवस जाणार. प्लंबर दिवसभर हसला नाही, त्याचे आभार. रात्री जेवताना मात्र म्हणाला, "मॅडम, कल बोट से जाना है कि टाकी से?"

2 मार्च

खडी आली, निम्मी.

या बेटावर दगडच नाही. जे आहे ते पोवळं, आणि पोवळ्याला वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण. किनाऱ्यावरची वाळू उचलणं तर किनाराच उचलणं. त्यामुळे 32 घनमीटर खडी मुख्य भूमीवरून, मंगळूरहून बार्जने. कडमत, अमिनी, किल्तान, चेत्लत ही उत्तरेकडची बेटं टिपूकडे होती आणि इंग्रजांनी ती पुढे दक्षिण कानडा जिल्ह्यात ठेवली, त्यामुळे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून बाजार म्हणजे मंगळूरच. आमची खडीही त्याच वाटेने आली, आणि बेटावर पोचेपर्यंत खडीपेक्षा तिचं भाडं जड झालं.

करवंट्या मात्र इथे फुकट आणि अमाप. पाण्याखाली न कुजता वर्षानुवर्षं टिकतात आणि खरखरीत पृष्ठभागावर जंतूंचा थर छान धरतो. पण करवंटीला खोबऱ्याचा पापुद्रा राहतो हे आम्ही विसरलो. पहिल्या ढिगावर दोन रात्रींत उंदीर तुटून पडले. लक्षद्वीपात माडाचा पहिला शत्रू उंदीर, त्यांना आम्ही मेजवानी मांडली. आता करवंट्या फोडायच्या, जाळ्यात बांधून दहा दिवस लगूनमध्ये बुडवायच्या, मासे पापुद्रा साफ करतात, मग वाळवून टाकीत. शाळेच्या मुलांनी हे काम अंगावर घेतलं आणि कुठल्या जाळ्याकडे जास्त मासे येतात यावर पैजा लावल्या.

14 मार्च

रमजान लागला. दिवसा काम अर्धंच, आणि ते बरोबरच आहे. या उन्हात पाण्याशिवाय फावडं चालवायला सांगणाऱ्याने आधी स्वतः चालवून बघावं.

दुसरं काम मशिदीचं. वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचं, पाणी दिवसातून पाच वेळा, आणि या महिन्यात रात्रीच्या तरावीहच्या नमाजाला सर्वात जास्त. बेटावरचं सर्वात स्वच्छ सांडपाणी हेच. साबण नाही, तेल नाही, खरकटं नाही, फक्त पायाची वाळू. आजवर ते एका नळीतून भिंतीबाहेर पडून मुरत होतं. वाळू बसवणारी छोटी टाकी, मग थेट केळीच्या आणि पपईच्या आळ्यांत, एवढंच करायचं. पंपही नको.

मशिदीच्या उस्तादांना, म्हणजे धर्मशिक्षकांना, विचारायला गेले, वापरलेलं पाणी झाडांना चालेल ना. त्यांनी शाफी पंथाचा नियम सांगितला. वजूत एकदा वापरलेलं पाणी स्वतः पाक असतं, पण त्याने दुसऱ्याला पाक करता येत नाही. म्हणजे पुन्हा वजूला नाही, पण झाडांना हरकत नाही. मी बराच वेळ गप्प बसले. आमच्या पुस्तकांत वापरलेल्या पाण्याची प्रतवारी करायला अनेक पानं खर्ची पडतात आणि शेवटी निष्कर्ष हाच निघतो, की कुठलं पाणी कशाला चालेल हे आधी ठरवा.

इफ्तारला थांबवून घेतलं.

22 एप्रिल

लोकसभेचं मतदान 19 ला झालं, त्या आठवड्यात एकही मजूर नाही. वाफ्यात कर्दळ लावून झाली. रोपं उम्माच्या परसातलीच. पाणी सोडलं. गळती नाही.

8 मे

शाळेचे मास्टर पोहायचा चष्मा देऊन लगूनमध्ये घेऊन गेले. पोवळी पांढरी पडलीत. हात लावायची गरज नाही, वरूनच दिसतं. तपकिरी, हिरवट, जांभळट असायला हवं तिथे हाडासारखं पांढरं. गेल्या ऑक्टोबरपासून समुद्र नेहमीपेक्षा गरम आहे आणि पोवळ्याच्या आत राहणारं सूक्ष्म शेवाळ उष्णतेने निघून गेलं. 1998, 2010, 2016 आणि आता हे.

मास्टर म्हणाले, हे सांडपाण्यामुळे का? नाही, आणि तसं सांगून माझं काम विकणं हा खोटेपणा होईल. हे उष्णतेमुळे. सांडपाण्याचा संबंध पुढे येतो. पांढरं पडलेलं पोवळं लगेच मेलेलं नसतं, पाणी निवलं तर सावरतं. मेलेल्या जागेवरही नवं पोवळं बसू शकतं, जागा मोकळी असेल तर. पाण्यात नायट्रोजन जास्त असला की ती जागा आधी शेवाळ बळकावतं. बेटावरून समुद्राचं तापमान उतरवता येत नाही, नायट्रोजन उतरवता येतो.

कडमतच्या किनाऱ्याला 2022 मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं मानांकन, मिळालं. त्याच्या अटींत किनाऱ्यावर सांडपाणी सोडायचं नाही अशी अट आहे, आणि इथे खरोखर एकही पाइप समुद्रात जात नाही. जानेवारीपासून पर्यटकांची चौकशी वाढल्याचं सगळे सांगतात. पाइप नाही म्हणून कुणी वाळूखाली बघत नाही.

24 मे

उद्याच्या जहाजाने परत. यानंतर समुद्र खवळतो.

वाफा महिनाभर चालला. टाकीतून वाफ्यात जाणारं पाणी राखाडी, आणि वास नको म्हणावा असा. बाहेर येणारं काचेच्या ग्लासात धरलं तर मागची अक्षरं वाचता येतात. नायट्रेटच्या पट्टीचा रंग, निम्मं पाणी परत फिरवायला लागल्यापासून गडद गुलाबीवरून फिकट गुलाबीवर आलाय. याहून अचूक आकडा मुख्य भूमीवरच्या प्रयोगशाळेतून येईल, नमुने बर्फात घालून बरोबर नेतेय. बर्फ मासेवाल्यांकडून.

प्लंबरसाठी वही केली. रोज काय बघायचं, आठवड्याला काय. मी हिंदीत लिहिलं, त्याने शेजारी मल्याळममध्ये. शेवटच्या पानावर त्याने स्वतः एक टाकी काढली आहे, वल्ह्यासकट.

18 जुलै, घरून

इथे पागोळ्या थांबायचं नाव नाही आणि तिथूनही पावसाचाच निरोप. प्लंबरने व्हिडिओ पाठवला, समुद्राखालून आलेल्या नव्या केबलमुळे आता व्हिडिओ पोचतात. टाकी जागची हलली नाही, पट्टे ताठ. पण वाफ्याच्या बाहेर निघणाऱ्या पाइपमध्ये खेकडा. बाहेर पाण्याने जमीन मऊ झाली, तो कोरड्या जागेच्या शोधात पाइपातून वर आला आणि खडीत घर करायला लागला. वाफा एका कोपऱ्यात खचला. जाळी बसवायला सांगितली. तो म्हणाला बसवली, पण आतला खेकडा बाहेर निघत नाही. मी म्हटलं राहू दे, भाडं घे.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. एकूण नायट्रोजन निम्म्याहून कमी झालाय. मला तो अजून कमी हवा होता. फिरवायच्या पाण्याचं प्रमाण वाढवून बघायला हवं.

20 सप्टेंबर

परत कडमत. कर्दळ माझ्या खांद्याला लागतेय, लाल फुलं. मशिदीमागच्या केळीला घड लागलाय, उस्तादांनी लांबूनच बोट दाखवलं.

पाच घरांच्या पाचही विहिरींच्या बाटल्या मांडल्या. आज दुसरा दिवस. तीन स्वच्छ, एक अंधुक राखाडी. एक काळी. काळी उम्माची, जिच्या विहिरीत आपण रंग पाहिला होता ती. तिची टाकी बंद, तळ बांधलेला, मी स्वतः उतरून पाहिलेला. उम्माने बाटली हातात घेतली, उलटसुलट केली, मग बोट दाखवलं: कुंपणापलीकडे सहाव्या घराची जुनी टाकी. ते घर मीटिंगला नव्हतं. तेव्हा त्यांनी टेप लावू दिली नव्हती.

उम्मा सरळ कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. जोरजोरात बोलणं, मग हसणं, मग प्लंबरला हाक. आम्ही टेप घेऊन गेलो. 5.1 मीटर. सहाव्या घरची बाई टेपचं दुसरं टोक धरून उभी होती.

उद्या सकाळी खड्डा. अमावास्या 2 ऑक्टोबरला आहे, कॅलेंडर पाहून घेतलं.